सासूबाईंची अर्धी वही

१९९६ साली लग्न होऊन मी एकलहऱ्याला आले, तेव्हा सगळ्यात आधी दिसल्या त्या वीज केंद्राच्या चिमण्या. नाशिकरोडहून सामनगावच्या रस्त्याला लागलं की त्या जे डोळ्यांसमोर येतात, ते घर येईपर्यंत हलत नाहीत. दुसरी दिसली ती क्वार्टरच्या पायरीसमोरची रांगोळी. नव्या सुनेसाठी सासूबाईंनी पहाटे चारला उठून काढलेली. मी माहेरी जाळीच्या डबीने छाप मारणारी मुलगी. दारात दोन पावलं आणि एक स्वस्तिक उमटलं की माझी रांगोळी झाली! इथे तर गेरूने सारवल्यासारख्या लाल चौकोनात पंधरा ठिपक्यांची अशी नक्षी होती, की माप ओलांडताना पाय कुठे ठेवावा हेच मला कळेना.

सासूबाई निफाड तालुक्यातल्या. शाळा चौथीपर्यंत. पण कॉलनीत दिवाळी आली की आमच्या पायरीपाशी बायका थांबून जायच्या. "मावशी, किती ठिपके?" असं विचारायच्या, वहीवर उतरवून घ्यायच्या. सासूबाई सांगायच्याही. त्यांच्यात लपवाछपवी नव्हती. मात्र पुढच्या वर्षी त्या बायकांच्या दारात तीच रांगोळी असायची आणि आमच्या दारात दुसरीच. वर्षानुवर्षं त्यांची एक रांगोळी दुसरीसारखी मी पाहिली नाही, आणि तरी लांबून बघितलं तरी कळायचं, ही त्यांचीच.

त्यांच्या दोन वह्या होत्या. शंभर पानी, पुठ्ठ्याच्या, हळदीचे डाग पडलेल्या. मी एकदा उत्साहाने उघडून पाहिली आणि हिरमुसले. एकही रांगोळी पुरी नाही! पानाच्या वर "१५–८" असं काहीतरी, खाली एखादी पाकळी, एखादा कोपरा, बाजूला फुली, आणि त्यांच्या मोडक्या अक्षरात दोन-चार शब्द. "६ दा फिरव." "उलट." "धाकटं कर." "पोट भर." बस्स. मला वाटलं, कंटाळा आला असेल पूर्ण काढायचा. किंवा कागद वाचवला असेल. त्या पिढीला कागद वाया घालवणं पाप वाटायचं.

ह्यातली एक वही मी रद्दीत दिली. खोटं कशाला सांगू? २००९च्या दिवाळीत रंगकाम काढलं होतं, माळ्यावरचं सामान खाली काढलं, जुन्या मासिकांच्या गठ्ठ्यात ती गेली. सासूबाईंनी शोधली, मला विचारलं, मी "बघते हं" म्हटलं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. न विचारण्याचं ते ओझं मी इतकी वर्षं वागवते आहे.

तीन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, बोलणं अडखळलं. एक शब्द यायला कधी कधी पाच मिनिटं लागतात. त्या दिवसापासून आमच्या पायरीवर दुकानातून आणलेल्या पुस्तकातली रांगोळी येऊ लागली, मी काढलेली. शिरगोळ्याची तीच पूड, तीच पायरी. पण सासूबाई खुर्चीतून बघायच्या आणि मान वळवायच्या.

ह्यांची निवृत्ती आता जवळ आली. निवृत्ती झाली की क्वार्टर सोडायचं. म्हणजे गेल्या वर्षीची दिवाळी ही ह्या पायरीवरची शेवटची. मनात एकच होतं, ती रांगोळी त्यांची असावी. पण काढणार कोण, आणि कशी? हातात उरलेली एक वही, तीही अर्ध्या चित्रांची.

आमची लेक आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला आहे. दसऱ्याला घरी आली, तेव्हा मी तिला वही दाखवली. म्हटलं, "तुझ्या कॉम्प्युटरवर ही चित्रं पुरी करता येतील का गं?" ती पानं उलटत गेली आणि एकदम गप्प झाली. मग म्हणाली, "आई, ही चित्रं अर्धी नाहीतच. हे नियम आहेत. आजीने ग्रामर लिहून ठेवलंय."

हे हसले. म्हणाले, "आई आणि व्याकरण? चौथीत त्यातच गटांगळ्या खाल्ल्या असं ती स्वतः सांगते."

मैत्रिणींनो, त्या रात्री लेकीने मला जे समजावलं, ते मी माझ्या भाषेत सांगते. समजा तुम्हाला पुरणपोळी शिकायची आहे. एखादीने पुरणपोळीचा फोटो दिला तर तुम्ही फार तर तशीच गोल लाटाल. पण कृती दिली तर? तुम्ही डाळीऐवजी खवा भराल, साट्याची कराल, तेलपोळी कराल. फोटोतून एकच पोळी निघते, कृतीतून पोळ्यांचं घराणं निघतं. कॉम्प्युटरवर डिझाइन करण्याच्या एका मोठ्या शाखेचं गमक हेच आहे. चित्र साठवायचं नाही, ते घडवायची कृती साठवायची.

आता व्याकरण का म्हणायचं? आपण बोलतो ती वाक्यं काही पाठ केलेली नसतात. थोडे शब्द आणि थोडे नियम डोक्यात असतात, त्यातून आयुष्यभर नवी नवी वाक्यं निघतात. ऐकणाऱ्याला ती मराठीच वाटतात. आपल्याकडे पाणिनीने सुमारे चार हजार सूत्रांत अख्ख्या संस्कृतचे नियम बांधले. गेल्या शतकात नोम चॉम्स्की ह्या अमेरिकन भाषातज्ज्ञाने वाक्यं घडवणारे नियम गणिताच्या शिस्तीत मांडले. ते बघून जॉर्ज स्टिनी आणि जेम्स गिप्स ह्या दोघांच्या मनात आलं, शब्दांच्या जागी आकार ठेवले तर? १९७१ साली त्यांनी आपला निबंध मांडला आणि त्याला नाव दिलं शेप ग्रामर, म्हणजे आकारांचं व्याकरण. एक सुरुवातीचा आकार घ्यायचा. नियम असे, की अमुक आकार दिसला तर त्याच्या जागी तमुक ठेवा. नियम कुठल्या बाजूने लावायचा ते कळावं म्हणून आकाराला एक खूण करायची. तेवढं झालं की नियम लावत सुटायचं.

खूण म्हटल्यावर मी वही पुन्हा उघडली. प्रत्येक कोपऱ्याशी सासूबाईंची ती फुली!

मग लेक सांगत सुटली. १९७७ साली स्टिनींनी चिनी खिडक्यांच्या, तडकलेल्या बर्फासारख्या दिसणाऱ्या जाळ्यांचे नियम शोधले. १९७८ साली विल्यम मिचेल ह्यांच्याबरोबर पॅलाडिओ नावाच्या सोळाव्या शतकातल्या इटालियन वास्तुरचनाकाराच्या बंगल्यांचे. त्या नियमांतून त्याच्या बंगल्यांचे नकाशे निघालेच, शिवाय त्याने कधी न बांधलेले पण त्याच्याच हातचे वाटतील असेही निघाले. १९८० साली ह्याच दोघांनी मोगल बागांचं व्याकरण लिहिलं, पाण्याच्या पाटांनी चार भाग केलेल्या त्या चारबागा. पुढच्या वर्षी कोनिंग आणि ज्युली आयझेनबर्ग ह्यांनी फ्रँक लॉइड राइटच्या घरांचं. आणि सिनेमात नि व्हिडिओ गेममध्ये मैलोन्‌मैल पसरलेली शहरं दिसतात ना, तिथेही एकेक इमारत कोणी बसून काढत नाही. मजला असा रचा, खिडक्या अशा पाडा, कोपऱ्याला दुकान द्या, असे नियम दिले की शहर उभं राहतं. २००६ साली अशाच नियमांनी रोमन काळातलं, ज्वालामुखीच्या राखेत गाडलेलं पाँपेई संगणकावर पुन्हा बांधून दाखवलं गेलं.

मला आमची कॉलनी आठवली. शेजारशेजारची दोन क्वार्टर्स म्हणजे एकमेकांची आरशातली प्रतिमा. आमची मोरी डावीकडे, शेजारच्यांची उजवीकडे. मी लग्नानंतर पहिल्या आठवड्यात अंधारात चुकून शेजारच्यांच्या घरात शिरले होते आणि बराच वेळ दिव्याचं बटण भलत्याच भिंतीवर चाचपत होते. म्हणजे तिथेही "उलट" हा नियम होताच की!

पण हे सगळं इटली-अमेरिकेचं. मला खरं हलवलं ते दक्षिणेच्या गोष्टीने. १९७४ साली, स्टिनींच्या पहिल्या निबंधानंतर तीनच वर्षांनी, मद्रास ख्रिश्चन कॉलेजशी जोडलेल्या गिफ्ट सिरोमनी, राणी सिरोमनी आणि कमला कृतिवासन ह्यांनी कोलमवर शोधनिबंध लिहिला. कोलम म्हणजे तमिळ दारातली रांगोळी. आपण ठिपके जोडतो, त्यांच्या एका प्रकारात रेघ ठिपक्यांभोवती वळणं घेत फिरते आणि निघाली तिथेच येऊन मिळते. हे नुसतं सुंदर नाही, ह्यात व्याकरण आहे, हे त्यांनी गणिताने दाखवलं. तिघांत दोघी बायका, बरं का! राणी सिरोमनी ह्या संगणकशास्त्राच्या सिद्धान्तात नाव कमावलेल्या गणितज्ञ. २०१९ साली त्या गेल्या. मला त्यांचं नाव माहीत नव्हतं. तुमच्यापैकी किती जणींना होतं?

पुढे ही वाट कॅनडापर्यंत गेली. लिंडेनमायर ह्या जीवशास्त्रज्ञाने १९६८ साली वनस्पती कशा वाढतात हे सांगण्यासाठी एक नियमपद्धत काढली होती. प्रत्येक फांदीच्या जागी फांदी आणि दोन डहाळ्या ठेवा, पुन्हा ठेवा, पुन्हा ठेवा, अशा थाटाची. प्रुसिंकिविच ह्यांनी १९८०च्या दशकात तिच्यातून संगणकावर झाडं-फुलं काढली, तेव्हा त्यांच्या चित्रांत एक कोलमही होता, 'कृष्णाचे पैंजण'. एका नियमातून लहानाचा मोठा होत जाणारा. झाडाची फांदी आणि दारातली रांगोळी एकाच रीतीने वाढतात, हे वाचून मी त्या रात्री उशिरापर्यंत जागी होते.

असो. आता आमच्या पायरीकडे येते.

लेकीने वहीतलं एक पान निवडलं. १५–८, म्हणजे मधल्या ओळीत पंधरा ठिपके, मग पुढची ओळ दोन ठिपक्यांच्या मधून चौदाची, असं करत दोन्ही बाजूंना आठपर्यंत. एकूण १६९ ठिपके. खाली एक त्रिकोण, त्याच्या बाजूवर "१०", टोकाशी फुली, पुढे "उलट". मग टोकावर एक कमळाची पाकळी आणि "६ दा फिरव". शेवटी "पोट भर", आणि त्याच्यापुढे एक छोटं कमळ.

सहज समजावं म्हणून तिने मला आधी लहान मापात करून दाखवलं. तुम्हीही करा, पाटीवर किंवा कागदावर. पाच ओळी ठिपक्यांच्या. वरून तीन, चार, पाच, चार, तीन. प्रत्येक ओळ आधीच्या ओळीच्या मधून. आता पहिल्या ओळीतला मधला ठिपका घ्या आणि चौथ्या ओळीतल्या चार ठिपक्यांच्या दोन टोकांना जोडा, खालची रेघही काढा. झाला वर तोंड केलेला त्रिकोण. मग उलट. शेवटच्या ओळीतला मधला ठिपका आणि दुसऱ्या ओळीतले चार. झाली चांदणी. हीच चांदणी सासूबाईंच्या पानावर चारऐवजी दहा ठिपक्यांच्या बाजूची होती.

लेकीने दोन दिवसांत प्रोग्राम लिहिला. लॅपटॉपवर चांदणी आली, सहा टोकांवर सहा पाकळ्या आल्या. छान दिसत होतं. पण "पोट भर"चं काय करायचं ते तिला कळेना. तिला वाटलं, त्रिकोणाचं पोट म्हणजे त्रिकोणाचा मध्य. त्रिकोण दोन, म्हणून दोन कमळं, आणि दोन्ही त्रिकोणांचा मध्य एकच, त्यामुळे ती एकावर एक बसून नुसता गिचमिडकाला झाला. शेवटी तिने तो भाग कोरा ठेवला.

आम्ही लॅपटॉप सासूबाईंसमोर धरला. त्यांनी बराच वेळ बघितलं. मग मान हलवली, नाही. पाकळी बदलली. नाही. टोकं बदलली. नाही. चौथ्यांदा नाही म्हटल्यावर लेक स्वयंपाकघरात येऊन मला हळूच म्हणाली, "आई, आजीला आता समजत नसेल का गं?"

मला ते सहन झालं नाही. चिडले मी तिच्यावर. "तिला समजत नाही की तुझ्या मशीनला समजत नाही?" असं काहीतरी बोलून गेले. लेकही चिडली. नियम जसे लिहिलेत तसेच लावलेत, ह्याहून ती काय करणार, असं तिचं म्हणणं. तिचं चूक नव्हतं. पण वही रद्दीत घालणारी मी होते, तिला काय माहीत मला काय बोचतंय ते.

संध्याकाळी मी मुकाट्याने पायरीसमोर फरशी पुसली. उदबत्तीने भोकं पाडलेला सासूबाईंचा जुना कागद काढला, पूड फिरवून ठिपके उमटवले आणि लॅपटॉपवरची ती चांदणी जमिनीवर काढली. खुर्ची दारात आणून सासूबाईंना बसवलं. त्या पुढे वाकल्या. डाव्या हातातली काठी उचलली आणि तिचं टोक चांदणीच्या बरोबर मध्ये टेकवलं. मग काठी हळूहळू फिरवली. सहा बाजू. एक षट्कोन.

"पो…ट," त्या म्हणाल्या.

लेक बघतच राहिली. म्हणाली, "पण आई, हा षट्कोन आपण काढलाच नाहीये. आपण दोन त्रिकोणच काढलेत."

"मग हा दिसतोय तो कोणी काढला?" मी म्हटलं.

तुम्ही केलेल्या लहान चांदणीत बघा. मधल्या ठिपक्याभोवती षट्कोन आहे ना? तो काढायला तुम्ही हात कधी लावला? दोन त्रिकोण एकमेकांवर पडले आणि तो आपसूक झाला. आपल्या डोळ्यांना तो लगेच दिसतो. कॉम्प्युटरला मात्र दिसत नाही. त्याच्या यादीत सहा रेघा आहेत, दोन त्रिकोणांच्या. षट्कोन नावाचं काही यादीतच नाही, मग त्यात कमळ भरणार कुठून?

नंतर लेकीने पुस्तकं धुंडाळली, तेव्हा कळलं की हीच तर आकारांच्या व्याकरणाची सगळ्यात मोठी मेख आहे. स्टिनींचं उदाहरणही जवळपास असंच. दोन चौकोन एकमेकांवर कोपऱ्याशी ठेवले की मध्ये तिसरा लहान चौकोन तयार होतो. नियम त्या तिसऱ्यालाही लागू व्हायला हवा, कारण बघणाऱ्याला तो दिसतो. शब्दांचं असं होत नाही. 'घर' आणि 'दार' शेजारी ठेवले म्हणून मधून तिसराच शब्द उगवत नाही. (आमचे हे म्हणाले, "घरदार झालं की!" त्यांना कोण सांगणार.) आकार मात्र एकमेकांत मिसळतात, नवे आकार जन्माला घालतात, आणि चित्र काढणारीचं मन पुढे कुठे जायचं ते त्या नव्या आकारांकडे बघून ठरवतं.

हे मशीनला शिकवायचं कसं, ह्यावर १९८०–८१ साली रमेश कृष्णमूर्ती ह्यांनी काम केलं. पुढे ते अमेरिकेत कार्नेगी मेलन विद्यापीठात प्राध्यापक होते. मला समजलं तेवढं सांगते. रेघ तुकड्यातुकड्यांनी लक्षात ठेवायची नाही, जेवढी लांब जाते तेवढी अखंड ठेवायची. मग एखादा लहान आकार त्या अखंड रेघांच्या पोटात सामावलेला आहे का, ते हिशेबाने तपासता येतं. चांदणीतल्या प्रत्येक रेघेचे तीन सारखे भाग होतात. त्यातले सहा मधले भाग एकत्र आले की सासूबाईंचं पोट.

इथे मला एक गंमत दिसली. लेकीने आधी कॉख नावाच्या स्वीडिश गणितज्ञाची १९०४ सालची एक युक्तीही दाखवली होती. त्रिकोणाच्या प्रत्येक रेघेचे तीन भाग करा, मधल्या भागावर छोटा त्रिकोण उभारा आणि तो मधला भाग पुसून टाका. तीन रेघांच्या बारा होतात, बाहेरून बघितलं तर तीच चांदणी. पुन्हा केलं की अठ्ठेचाळीस, मग एकशे ब्याण्णव, बर्फाच्या कणासारखी नक्षी. सुरेख आहे. पण त्यात नेमका मधला भागच पुसला जातो! बाहेरून तीच चांदणी, आत पोट नाही. सासूबाईंना ती आवडली नसती, हे मी पैजेवर सांगते.

लेकीने पुन्हा दोन रात्री घालवल्या. रेघा जिथे एकमेकींना छेदतात ते बिंदू काढायचे, बंद झालेले आकार हुडकायचे. मग तिच्या मशीनला षट्कोन दिसला, पण त्याबरोबर चांदणीच्या टोकांतले सहा लहान त्रिकोणही दिसले आणि त्याने सगळ्यांत कमळं भरून टाकली. ते बघून सासूबाईंना हसू आलं. डावा हात कानापाशी नेला त्यांनी. "का…न." ती टोकं म्हणजे कान. कानात कमळ नाही भरायचं. वहीत पुढे एका पानावर "कान टोच" असं लिहिलेलं होतं, त्याचा अर्थ तेव्हा लागला. प्रत्येक टोकात एक ठिपका, बस्स.

पोट, कान, कंबर, वेणी. आता पानं वाचता यायला लागली. "कंबर" म्हणजे दोन आकार जिथे निमुळते होऊन भेटतात ती जागा. "वेणी" म्हणजे एका रेघेखालून दुसरी काढायची. तंत्राच्या भाषेत ह्या सगळ्याला काय म्हणतात ते लेकीला ठाऊक. मला सासूबाईंचे शब्द पुरतात.

मग मजा सुरू झाली. त्या एका पानावर पाकळीचे चार प्रकार होते, पोट भरायचे तीन, टोकांचे पाच. चार त्रिक बारा, बारा पंचे साठ. साठ रांगोळ्या एका क्षणात! साठही नियमाला धरून, एकही चुकीची नाही. लेकीने त्या छापून आणल्या आणि आम्ही सासूबाईंच्या मांडीवर गठ्ठा ठेवला. त्या डाव्या हाताने एकेक कागद बाजूला सारत गेल्या. हे नको. हे नको. मला तर सगळ्याच सारख्या वाटत होत्या. शेवटी मांडीवर चार राहिल्या. "का?" असं लेकीने विचारलं. ती म्हणे, ह्याचाही नियम असेलच, तो सापडला तर मशीनलाच निवडता येईल. सासूबाईंनी खांदा उडवला. एक खांदाच उडतो आता त्यांचा.

ह्यावर आमच्यात अजून वाद आहे. लेकीचं म्हणणं, निवडीचा नियम असतो, फक्त तो बोलून दाखवता येत नाही. मला वाटतं, त्या दिवशी त्यांना काय हवं होतं तेच त्यांनी ठेवलं. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या चार राहिल्या असत्या.

लक्ष्मीपूजनाच्या पहाटे आम्ही तिघी पायरीवर होतो. मी गेरू दिला. लेकीने ठिपके मारले, भोकांच्या कागदाशिवाय, हाताने. तिला ते जमतं हे मला माहीत नव्हतं. त्रिकोण मी काढले. लेक सारखी मोबाइलमध्ये बघून "आई, तिसऱ्या ठिपक्यापासून" असं सांगत होती. पोट कोरं ठेवलं. मग सासूबाईंची खुर्ची अगदी कडेला आणली, मी त्यांना कमरेला धरलं आणि त्यांनी डाव्या हाताच्या चिमटीतून कमळ काढलं. रेघ थरथरली. एक पाकळी जाड, एक जवळजवळ नाहीच. अर्धा तास लागला. मधेच एकदा त्यांनी माझ्याकडे बघून काहीतरी म्हटलं. मला "वही" असं ऐकू आलं. कदाचित "नाही" असेल.

मी त्यांना तिथेच सांगितलं. २००९ची दिवाळी, माळा, रद्दी, सगळं. त्यांनी ऐकलं. मग चिमूट पुन्हा भरून घेतली आणि पुढची पाकळी सुरू केली.

सकाळी नेहमीसारख्या बायका थांबल्या. आता आमच्या लाइनीतली कितीतरी क्वार्टर्स रिकामी आहेत. जुने दोन संच बंद झाले, माणसं बदलून गेली, त्यामुळे गर्दी कसली, चार-पाच जणीच. त्यातल्या एकीने विचारलं, "मावशी, किती ठिपके?"

"पं…धरा," सासूबाई म्हणाल्या.

सध्या दुपारी तासभर मी गेलेल्या वहीतलं आठवेल ते लिहून काढते आहे. नागपंचमीची एक होती, वेणी घातलेली, तिच्यात पाच दा फिरव होतं की सहा, ह्यावर मी अडले आहे. सासूबाईंना विचारलं, तर एकदा त्यांनी पाच बोटं दाखवली आणि दुसऱ्या दिवशी पाच आणि एक. लेक म्हणते दोन्ही काढून बघू, जी बंद होईल ती खरी.

नाशिकरोडला फ्लॅट घेतला आहे. तिथे पायरी नाही, दार उघडलं की लिफ्ट. परवा चावी घ्यायला गेले, तेव्हा पर्समधली टेप काढून दारासमोरची जागा मोजली. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायात न येता दोन फूट बाय दोन फूट मिळते. पंधरा–आठ नाही बसायची. पाच–तीन बसते.